बाइंडिंगच्या कारखान्याची वाटणी

कोर्टाने पाठवलेल्या मोजणीदाराने टेपचं एक टोक थोरल्यापुढे धरलं. थोरल्याने हात पुढे केला नाही. मग धाकट्यानेच ते घेतलं आणि अंगठ्याने भिंतीला दाबून धरलं.

वडिलांनी दोघा भावांच्या नावावर ठेवलेला हा पुस्तकबांधणीचा कारखाना. एकच लांबलचक खोली. रस्त्याच्या अंगाला खिडक्या, मागे अंधार आणि कागदाचे गठ्ठे. धाकट्याने मित्राच्या धंद्यासाठी स्वतःच्या सहीवर कर्ज काढलं. मित्राने गाशा गुंडाळला आणि सावकाराचा माणूस कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

कर्ज त्याचं आहे, तुमच्या हिश्शाला कोणी बोट लावू शकत नाही, असं वकिलाने थोरल्याला सांगितलं होतं. मात्र सावकाराने कारखाना लिलावात काढायच्या आधी वाटणी मागून घ्या, नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळेल. थोरल्याने मागितली. त्यात चूक काहीच नव्हती. त्याला दोन मुली होत्या, हाताखाली सहा माणसं होती.

पण त्याआधी एकदा धाकटा त्याच्याकडे आला होता. पैसे मागायला नव्हे. सावकाराकडे मुदत मागायला जायचंय, तू नुसता शेजारी येऊन बस, एवढंच म्हणाला होता. ज्याचं त्यानं निस्तरावं, असं म्हणून थोरल्याने कटिंग मशीनचा दांडा खाली ओढला होता. दोनशे वह्यांच्या कडा त्याने एकसारख्या कापल्या, आणि मान वर केली तेव्हा धाकटा गेलेला होता.

"खिडक्यांची बाजू कोणाला?" मोजणीदाराने विचारलं.

थोरला भांडायच्या तयारीनेच आला होता. रोज कुलूप कोण उघडतं, मशीन कोणाच्या कमाईतून आलं, वकिलाने पढवलेलं सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"दादाला द्या," धाकटा म्हणाला. "शिलाईला उजेड लागतो."

मागच्या जागेला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, हे मोजणीदाराने त्याला समजावून सांगितलं. धाकट्याने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. थोरल्याचं तोंडपाठ केलेलं तोंडातच राहिलं.

मागे चार हात जागा वाढवून मोजणीदाराने मेळ बसवला. कटिंग मशीन आणि खळीच्या टेबलाच्या मधून फरशीवर खडूची रेघ ओढली, दोघांच्या सह्या घेतल्या, टेप गुंडाळला आणि तो गेला. सावकाराला आता या रेघेअलीकडे पाऊल टाकता येणार नव्हतं. वकील म्हणाला होता अगदी तसंच झालं.

चहा आला. इतकी वर्षं दोघं भाऊ तो खिडकीखालच्या बाकावर बसून घेत. थोरल्याने दोन कप भरले. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायला हवं होतं, हे त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

"चहा घे," तो म्हणाला.

धाकटा मागे, गठ्ठ्यांपाशी उभा होता. त्याने बाकाकडे पाहिलं.

"दादा, मी आता बसू कुठे?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.