पुढचं चाक

धम्मशीलानं ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि विकाऊ जीपच्या पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसली. चाक जॅकवर जमिनीपासून चार बोटं वर उचललेलं होतं. गाडी गिअरमध्ये, चारही चाकं जोडणारा फोर-व्हीलचा दांडा टाकलेला. चारही चाकं इंजिनाशी जोडलेली असती, तर हे चाक हातानं हलायलाच नको होतं. तिनं नुसतं ढकललं, तर ते जत्रेतल्या पाळण्यासारखं गरगर फिरलं.

बाजेवर बसलेले जीपचे मालक कारभारी हसले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की पुढची चाकं मेलेली आहेत, मागची दोनच ओढतात. भावही तसाच सांगितला होता. आता पुन्हा काय बघायचं, असं त्यांनी विचारलंही. पण दुकानदारानं वाचून दाखवलेली औषधाच्या बाटलीवरची तारीख जी पुन्हा स्वतः वाचते, तिला हे विचारण्यात अर्थ नव्हता. लेकीला निजवता निजवता तिनं या जीपचं अख्खं माहितीपुस्तक मोबाइलवर दोनदा वाचून काढलं होतं.

तेवढ्यात कारभारी विहिरीवरची मोटर बंद करायला गेले.

धम्मशीला चाकाच्या मधोमध बघत राहिली. तिथं गुळाच्या भेलीसारखा लालभडक फुगवटा होता. तिनं त्यावर नख मारलं. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा.

हा रंग कशाचा, तिनं ओट्यावर मूग निवडत बसलेल्या कारभारींच्या आईला, झुंबरबाईंना विचारलं. म्हातारी कौतुकानं सांगू लागली. दर दसऱ्याला तिचा लेक स्वतःच्या हातानं गाडी धुतो, चाकांच्या मधी लाल ऑइलपेंट देतो, मग झेंडूचा हार. सहा वर्षं झाली, एक दसरा चुकला नाही.

धम्मशीलानं पेचकस मागून घेतला आणि खरवडायला लागली. सहा दसरे एकेक करून खाली पडले. आतून लोखंडी चकती निघाली, तिच्यावर दोन इंग्रजी शब्द. एकीकडे फ्री, दुसरीकडे लॉक. खूण फ्रीवर होती. पुढची चाकं जोडायची तर आधी ही चकती हातानं फिरवावी लागते, नुसता दांडा टाकून भागत नाही. तिनं पकडीनं जोर लावला. चकती कुरकुरली आणि लॉकवर फिरली. पलीकडच्या चाकालाही तेच केलं. मग परत येऊन उचललेलं चाक ढकललं.

चाक हललं नाही. तिनं दोन्ही हातांनी रेटा दिला. तरी नाही.

शेजारी एका वर्षाच्या लेकीला, समतेला, कडेवर घेऊन उभा असलेला तिचा नवरा प्रसेनजित खाली वाकला. त्याला कळायला वेळ लागला नाही. मागच्या श्रावणात समतेला ताप चढला, तेव्हा त्यांच्या वस्तीच्या काळ्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुतला होता आणि लेकरू छातीशी धरून तो गुडघाभर चिखलात उभा होता. चारही चाकांनी ओढणारी जीप त्यांच्या ऐपतीत नव्हतीच, आणि ती इथं मेलेल्या चाकांच्या भावात समोर उभी होती.

"चूप राय," तो कुजबुजला. "आधी घरी नेऊ."

धम्मशीलानं लेकीकडं पाहिलं. मृग आठ दिवसांवर होता. दोन्ही चकत्या परत फिरवून ठेवायच्या, एवढंच करायचं होतं.

"लपवून नाई न्यायची मले," ती म्हणाली आणि उठून विहिरीच्या दिशेनं हाक मारली. "काका, जरा इकडं या. तुमची गाडी चांगली हाये."

कारभारींचा विश्वास बसेना. त्यांनी चाक हातानं ढकललं, मग पायानं. मग जॅक काढला आणि जीप थेट नुकत्याच भिजवलेल्या वावरात घातली. चाकं निम्मी चिखलात गेली. धम्मशीला पुढच्या चाकांकडं बघत होती. चाकं क्षणभर थबकली, मग माती धरून गाडीला ओढायला लागली. जीप पल्याडच्या बांधावर चढली तेव्हा कारभारींच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

परत येऊन ते उतरले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"खोटं नाई बोलत ताई," ते म्हणाले. "आता इकावी वाटत नाई."

प्रसेनजितनं मान खाली घातली. गाडी तुमची, मर्जी तुमची, एवढंच धम्मशीला म्हणाली आणि पेचकस पुसून बाजेवर ठेवला.

ओट्यावर मूग निवडायचं सूप बाजूला सरकलं.

"कारभारी," झुंबरबाईंनी लेकाला हाक मारली. "सहा साल आपल्या दारात उभी होती, आपल्याले उमगली नाई. जिले उमगली, तिची ती. बोलला त्याच भावात देजो."

कारभारींनी आईकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं. मग हसून खिशातली किल्ली काढली आणि रीतीप्रमाणं प्रसेनजितपुढं धरली.

त्यानं हात पुढं केला नाही.

"मले कायले देता, काका?" समतेला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, धम्मशीलाकडं बघून तो म्हणाला. "ड्रायव्हर ते हाये. मी तं पोरीले घेऊन मागं बसन."