पलीकडची नर्तकी

"हिच्याबरोबर मी नाचणार नाही," डोळ्यांवरचा चष्मा काढत ती म्हणाली. "प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय आणि ही बाई अजून पाय ओढतेय."

तारवाला खुर्चीतून उठलाही नाही. हॉलमधले कॅमेरे आणि वायरींचं जंजाळ तो एकटाच सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला तारवालाच म्हणत.

"मला तर सगळ्या राखाडी बाहुल्याच दिसतात, मॅडम."

काम असं होतं की ती इथे नाचणार आणि दुसरी सीमेपलीकडच्या देशात. अंगभर ठिपके लावलेला काळा पोशाख घालायचा, छतावरचे कॅमेरे हालचाल टिपणार. चष्मा लावला की शेजारी बिनचेहऱ्याची राखाडी आकृती उभी राहायची. दोघींचा नाच सारखाच, फक्त डाव्याउजव्याने उलट. चष्म्यातल्या चित्राची जोडणी सगळी पलीकडून व्हायची. त्याबद्दल त्यांनी सुरुवातीलाच सोळा पानी पत्र पाठवलं होतं. तिने त्यातल्या तारखा तेवढ्या पाहिल्या. कलावंताने सोळा पानं वाचायची म्हणजे अतीच झालं.

एकोणपन्नासाव्या वर्षी हाती आलेलं हे मोठं काम शेवटचंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यानंतर लहान मुलांचे क्लास. हे शेवटचं काम दुसऱ्या कुणाच्या कंटाळ्यापायी मातीत जाणार, या विचाराने तिला रडू यायचं.

आकृती होतीच थकलेली. उजवा पाय जपून टाकायची. उडी आली की नुसत्या टाचा उचलून वेळ मारून न्यायची. आज बुधवारी तर मधेच खाली बसली, चांगली पाच मिनिटं.

"काल तुम्हीपण बसला होतात," तारवाला म्हणाला.

"मी तुला सांगून बसले. आणि माझा डावा गुडघा खरंच दुखतोय. हिला काय धाड भरलीय?"

संध्याकाळी नवरा तिच्या गुडघ्याला मलम चोळत होता.

"सोडून दे ना," तो म्हणाला. "दमत असेल तीही बिचारी."

"दमली असेल तर घरी बसावं. दुसऱ्याला कशाला बुडवायचं?"

"एकदा बोलून तरी बघ तिच्याशी."

"कुठल्या भाषेत? नाचाची एक होती, ती हिला धड येत नाही."

गुरुवारी सकाळी तिने पलीकडच्या दिग्दर्शिकेला पत्र लिहिलं. कुणाचं नाव घेतलं नाही, तेवढी सभ्यता पाळली. 'रोज चष्म्यात दिसणारी ही नर्तकी आता थकली आहे. तिची उमेद संपली आहे, ती दिवस ढकलते आहे. तिचा अपमान न करता तिला मोकळं करा आणि तिच्या जागी ताज्या दमाची कुणी घ्या. हे लिहिताना मला त्रास होतो, पण प्रयोग महत्त्वाचा.'

पत्र पाठवल्यावर तिला मोकळं वाटलं. त्या दुपारी ती बऱ्याच दिवसांनी मन लावून नाचली.

शुक्रवारी आकृतीही बरी नाचली.

"कानावर गेलेलं दिसतंय," ती तारवाल्याला म्हणाली. "पण आता उशीर झाला."

शनिवारी उत्तर आलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वाच मोठ्याने," तिने नवऱ्याला सांगितलं. "काढलं ना तिला?"

"'आपलं पत्र आम्ही दोनदा वाचलं,'" तो वाचू लागला. "'आमची नर्तकी बाळंतपणाच्या रजेवरून सोमवारी पहिल्यांदाच हॉलमध्ये येत आहे...'"

तिचे हात थांबले. "पहिल्यांदा? मग इतके दिवस कोण नाचत होतं?"

नवऱ्याने पुढचं मनातल्या मनात वाचलं आणि फोन तिच्या हातात दिला.

'पहिल्या पत्रात कळवल्याप्रमाणे तोवर सोबत म्हणून आपलाच आदल्या दिवशीचा नाच आम्ही डावाउजवा बदलून आपल्याला दाखवत होतो. तो पाहून स्वतःबद्दल इतकं खरं लिहायला फार मोठं मन लागतं. आपली विनंती आम्ही जड अंतःकरणाने मान्य करत आहोत.'