मांडवाखालचं ताट

“बसा पाव्हने. पित्तराचा दिस हाय, उपाशी जाऊ नका,” सोजराबाई पदर कपाळावर ओढत म्हणाली.

रंगराव बसला. नऊ वर्षांनी, स्वतःच्याच मळ्यात, पाहुणा होऊन. दाढी छातीपर्यंत वाढली होती. बायकोनं ओळखलं नाही याचं त्याला अर्धं बरं वाटलं, अर्धं वाईट.

डोक्यावरचा मांडव मात्र त्यानंच घातलेला. जानेफळात द्राक्षं लावणारा पहिला शहाणा तो. वेल फळली नाही, गाव पोट धरून हसलं, बाप नको ते बोलला आणि आठ वर्षांचं पोर टाकून हा रागारागानं नाशकाकडं निघून गेला. एक पत्र धाडलं नाही. तेव्हा महाराष्ट्र झाला नव्हता. आज ते नाव एसटीवर वाचत आला होता. पिशवीत ओल्या गोणपाटात द्राक्षाच्या काड्या होत्या. घरात घेतलं तर लावायच्या, एवढाच बेत.

पण आज सर्वपित्री अमावस्या. ज्याच्या मरणाची तिथी ठाऊक नाही, त्याच्या नावानं आज कुणाला तरी जेवू घालतात. ताटात वडे, कढी, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. खिरीत वेलदोडा नव्हता. तो त्याला कधीच चालत नसे. रंगराव काय ते समजला. आपलंच पितर जेवायला आपण बसलो होतो.

उठून जावंसं काही वाटेना. कढी तीच, तिच्याच हातची, जी तो पूर्वी तीनदा मागून घ्यायचा. तो सावकाश जेवत राहिला.

वाढताना काचेच्या बांगड्या वाजल्या. समोर तारेवर मोठ्या मापाचा सदरा वाळत होता. म्हणजे तिनं दुसऱ्याशी पाट लावला असणार. लावावाच, तिनं का जन्मभर वाट पाहावी? तरी त्यानं कढीची वाटी बाजूला सारली.

“कढी घ्या अजून.”

“बस झालं.”

“तिसऱ्यांदा घेतल्याबिगर पोट भरते काय?”

“कोनाचं?”

“पाव्हन्याचं. अजून कोनाचं?”

उन्हं कलली तेव्हा त्यानं हात धुतले. पिशवी तिथंच ठेवली.

“द्राक्षाच्या काड्या हायेत, बाई. घरधन्याले सांगा लावाले.”

“सांगीन.”

तो मळ्याच्या धुऱ्यापर्यंत, बांधाशी पोचला.

“निंगाले कुठी?” मागून हाक आली. “मामंजी पोळ्याच्या अवसेले गेले, दोन सालं झाली. आजचं पित्तर त्याइचं, ते शालिग्रामबुवा सकाळीच जेवून गेले. अन् सदरा पोराचा हाय.”

रंगराव वळला. तिचा पदर मागं सरला होता आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. पिशवी तिनं दोन्ही हातांनी पुढं धरली होती.

“घरधन्यालेच सांगून राह्यली. लावा.”