कमिटीसाठी राखलेली विहीर

कमिटी बंद झाली, हे दयारामला विहिरीवरच कळलं. सरपंच गुलाबराव देऊळगाव राजाहून सकाळच्या मोटारीनं उतरले ते घरी न जाता सरळ तिथं आले. मागून पुंजाजी सुतार येत होता. त्याच्या खांद्यावर बाभळीच्या फळ्या होत्या, हातात घण.

"मुंबईहून हुकूम आला, दयारामभाऊ," गुलाबराव म्हणाले. "लोखंडा-तांब्याच्या चोऱ्यांवर नेमलेली राज्याची सल्लागार कमिटी सरकारनं मोडली. आता कोणी येत नाही."

दयाराम पाणी शेंदत होता. त्यानं दोर सोडला नाही.

"इथं आलीच नाही, अन् मोडलीबी?"

"भंगाराची कमिटी भंगारात निघाली म्हणा," तानाबाई म्हणाली. ती घागर भरायची वाट पाहत उभी होती. ती हसली, मग दयारामकडे पाहून तिनं पदर तोंडाशी नेला.

विहिरीच्या अर्ध्या तोंडावर पूर्वी लोखंडी जाळी होती. बाया तिच्यावर उभ्या राहून पाणी शेंदायच्या. होळीनंतरच्या एका रात्री चोरांनी ती तोडून नेली. पहाटे दयारामची बायको सोजराबाई घागर घेऊन आली. अंधारात तिनं रोजच्या जागी पाय टाकला.

जाळी नेल्याचं गावाला असं कळलं.

तेव्हा तालुक्याचे साहेब म्हणाले होते, अशा चोऱ्यांच्या जागा पाहायला कमिटी फिरणार आहे, तोवर कशाला हात लावू नका. दयारामनं कोणाला हात लावू दिला नाही. कोणी लाकडं आणली की तो ती परत पाठवायचा. पण बाईमाणसाला काठाजवळही येऊ द्यायचा नाही. उजाडायच्या आत विहिरीवर यायचा आणि गावाच्या घागरी स्वतः भरून द्यायचा. त्याच्या शेतातली पेरणी यंदा भावानं केली.

पुंजाजीनं एक फळी ठेवून पाहिली. ती डुलली. काठाच्या दगडांत जाळीच्या गजांचे तुकडे अजून उभे होते.

"हे ठोकून सपाट करा लागतीन," तो म्हणाला. "नाहीतर फळी बसत नाही."

"थांब." दयारामनं भरलेली घागर तानाबाईपुढे ठेवली. "सरपंच, आधी तुम्ही पाहा."

"मी काय पाहू?"

"कमिटी पाहणार होती ते."

गुलाबरावांनी पुंजाजीकडे पाहिलं. मग धोतर सावरून ते काठाशी बसले. एका तुकड्याच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. दुसऱ्याच्याही.

"छिन्नीनं तोडलं."

"छिन्नी अन् हातोडा. एक गज नाही, सगळेच्या सगळे."

"हाव."

"मंग?"

"मंग काय, दयारामभाऊ? पंचनाम्यात लिवलेलंच हाय ते."

"पंचनाम्यात असंबी लिवलं हाय, का कोणालेच काही ऐकू नाही आलं."

विहिरीसमोर गुलाबरावांचं घर होतं, त्याला लागून तानाबाईचं. त्या दिवसांत सगळे अंगणातच झोपत. दयाराम मात्र त्या रात्री मळ्यात जागलीला होता.

त्याचा प्रश्न तेव्हापासून तयार होता. कमिटीतली माणसं बाहेरची असती. त्यांनी एकेकाला इथं उभं करून विचारलं असतं आणि ती निघून गेली असती. त्याला तर इथंच राहायचं होतं. सोजराबाईला वर काढायला कमरेला दोर बांधून गुलाबरावच उतरले होते. तिला शेवटची आंघोळ तानाबाईनं घातली होती. त्यांना विचारायचं तरी कसं?

"मनात काय हाय ते बोला ना," गुलाबराव उठत म्हणाले. "असे काऊन पाहून राह्यले?"

दयाराम विहिरीभोवती चालू लागला. एक फेरी झाली, तरी थांबला नाही. दोर उचलला, गुंडाळला, पुन्हा खाली टाकला. मग पुंजाजीसमोर येऊन उभा राहिला.

"ठोक," तो म्हणाला.

पहिला घाव पडला तसे लिंबावरचे कावळे उडाले. लोखंड ठणकत राहिलं. दुसऱ्या घावाला कुत्री भुंकू लागली. कोणी दारात आलं, कोणी हातातलं काम टाकून रस्त्यावर आलं. पलीकडच्या आळीतली शेवटच्या घरची अन्नपूर्णाबाई काठी टेकत आली. ती म्हातारी होती, तिच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं.

"काय तोडून राह्यले बाप्पा?" ती लांबूनच म्हणाली. "पार माह्या चुलीपाशी आवाज येऊन राह्यला!"

पुंजाजीनं उचललेला घण तसाच खाली ठेवला.

तानाबाईनं घागर डोक्यावर घेतली आणि ती घराकडे निघाली. गुलाबराव विहिरीत पाहत होते. दयाराम त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांनी मान वर केली नाही.

"काही नाही, माय," दयाराम अखेर म्हातारीला ओरडून म्हणाला. "फळ्या बसवून राह्यलो."

दुपारपर्यंत फळ्या बसल्या. पुंजाजीनं त्यांच्यावर उभं राहून दाखवलं. गुलाबराव जेवायला गेले, माणसं पांगली.

दयारामला जे विचारायचं होतं, ते राहिलं.