डावा गुडघा

टेप काढल्यावर उजव्या गुडघ्याच्या कातडीवर तिची खूण तशीच राहिली. डॉक्टर मालिनी केळकरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. खूण बुजायला अकरा सेकंद लागले. घेर एक्केचाळीस सेंटिमीटर, तीन मिलिमीटर. डावा गुडघा अडतीस.

त्यांनी कागदावर आधी वेळ लिहिली : संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

मार्चमध्ये ती लिहिली नव्हती. तेव्हा इथल्या जर्मन फुटबॉल क्लबच्या मॅनेजरच्या सांगण्यावरून त्यांनी हाच गुडघा सकाळी सात वाजता मोजला होता, पेशंट पलंगावरून उतरण्याआधी. रात्रभर आडव्या राहिलेल्या गुडघ्याची सूज ओसरलेली होती. एकोणचाळीस. आकडा खरा होता. त्या आकड्यावर फिंटन गेरटी आणखी सतरा सामने खेळला.

"वेळ कशाला, फ्रॉयलाइन डॉक्टर?" मॅनेजर क्युपर्स दाराशी उभा होता. ओव्हरकोट त्याने काढलेला नव्हता. "आल्झो, आज गुडघ्यातलं पाणी काढा. उद्या सकाळी सातला मोजा. हॉलंडच्या क्लबचा माणूस साडेअकराला येतोय, त्याला फक्त आटेस्ट पाहिजे, गुडघा ठीक असल्याचा दाखला."

"आटेस्टवर आजचाच आकडा येईल."

"मग विकत कोण घेणार याला?"

फिंटन टेबलावर पाय सोडून बसला होता. वय तेहेतीस. आयर्लंडमधले दोन क्लब, इंग्लंडमधले चार, मग बेल्जियम, मग हा. प्रत्येक ठिकाणी दीड-दोन वर्षं, आणि गुडघ्यावर सुयांचे डाग. जर्मन त्याला समजत होतं, बोलताना मात्र तो अडखळायचा. मालिनीबाईंशी तो इंग्रजीत बोलायचा.

"गेल्या खेपेला तुम्हाला विचारलं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्याच्या आधीही. असंच खेळलात तर वर्षभरात हा गुडघा वाकायचा बंद होईल. जिना चढता येणार नाही. थांबणार कधी?"

"पुढच्या सीझननंतर, डॉक्टर." तो हसला. "मला दुसरं येतं काय?"

"चार वेळा तुम्ही हेच उत्तर दिलंत."

"काय म्हणतोय?" क्युपर्सने विचारलं.

"खेळायचंय म्हणतोय."

"गेनाऊ, अगदी बरोबर! त्याला खेळायचंय, त्यांना घ्यायचाय. मध्ये तुमचं काय अडतं?" तो टेबलापाशी आला आणि कागदावर बोट ठेवलं. "बरं, उजवा एक्केचाळीस राहू द्या. डावाही एक्केचाळीस लिहा. दोन्ही सारखे दिसले की कोण विचारतंय? माणूसच जाड गुडघ्यांचा आहे म्हणायचं."

मालिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं. "बाहेर व्हा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणून क्युपर्सला ते खरं वाटलं नाही. तो तिथेच उभा राहिला.

फिंटनचं हसू मावळलं होतं.

"माझा बाप घोडे विकायचा," तो मालिनीबाईंना म्हणाला. "लंगडा घोडा असला की बाजाराच्या दिवशी त्याच्या चांगल्या पायाच्या खुरात खडा बसवायचा. दोन्ही पाय सारखे दुखले की घोडा लंगडत नाही. सरळ चालतो."

"आणि विकला जायचा?"

"दर वेळी. घोडा धरून मीच उभा असायचो. गिऱ्हाईक त्याला फिरवून बघायचं आणि बाप सांगायचा, 'बघा, कसा सरळ चालतो.'" त्याने आपल्या डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. त्याच्यावर एकही डाग नव्हता. "या पायाला अजून कुणी हात लावला नव्हता."

"काय चाललंय तुमचं?" क्युपर्स म्हणाला. "जर्मनमध्ये बोला."

फिंटन टेबलावरून उतरला. उजव्या पायावर भार पडताच त्याचा चेहरा आवळला. यावेळी त्याने तो लपवला नाही.

"लिहा डॉक्टर," तो म्हणाला. "उजवा एक्केचाळीस, तीन. डावा अडतीस."

मग तो क्युपर्सकडे वळला आणि अडखळत, एकेक शब्द सुटा करत, जर्मनमध्ये म्हणाला, "मी आता खेळणार नाही."