नवऱ्याचा सी फॉर्म

"परदेशी माणूस घरात ठेवलाय आणि पोलिसांना कळवलेलं नाही," हवालदार सुधीर सोप्यावरच्या खुर्चीत बसत म्हणाला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

पद्मावती अंगणात चादरी वाळत घालत होती. हरमलच्या त्या घरातल्या तीन खोल्या ती पर्यटकांना भाड्याने देई, परवाना तिच्याच नावावर होता. परदेशी पाहुणा उतरला की लगेच त्याचा सी फॉर्म भरून पोलिसांना द्यायचा, हे तिला नव्याने सांगायची गरज नव्हती. पण पावसाळा तोंडावर आलेला, खोल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या.

"खयचो परदेशी? कुलपां काडून दाखवू?"

"कुलपां कित्याक, वयनी? तो पळय, भायरच बसला."

हवालदाराने हनुवटीने विहिरीकडे दाखवलं. तिथे लुंगी खोचून भिकाजी पंप खोलून बसला होता. तिचा नवरा.

भिकाजीने गोव्याची हद्द ओलांडली होती ती फार तर सावंतवाडीला, कुणाच्या लग्नाकार्याला. पण पोर्तुगिजांच्या अमलात इथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं मानतो, हे कळल्यावर गावात लाटच आली, आणि हाही त्या लाटेत वाहून गेला. एजंटाला धरून त्याने लिस्बनला जन्म नोंदवला, तिकडचं ओळखपत्र आणवलं. का, तर पोरगा इंग्लंडला जाईल. पोरगा जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात चिकटला आणि बाप मात्र कायद्याने परका झाला, कारण भारताला दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. मतदारयादीतून नाव उडालं तेव्हा त्याचे डोळे उघडले. भारताचं नागरिकत्व परत द्या म्हणून अर्ज केला त्याला चार वर्षं झाली. विचारायला जावं तर एकच उत्तर, पोलिसांची चौकशी चालू आहे. शेवटी भिकाजीने या उशिराविरुद्ध कोर्टात याचिका घातली. सोमवारी तारीख होती.

"कोर्टान आमच्या सायबाक विचारलां, चौकशी कित्याक रखडली," हवालदार आवाज उतरवून म्हणाला. "सायबाच्या नाकाक मिरच्यो झोंबल्यात. ती याचिका फाटी घेयात. नाजाल्यार परदेशी लपयलो म्हणून तुमचेर केस. परवानो रद्द जातलो. आनी ह्या मनशाक हांगा रावपाक विसा तरी खंय आसा? घर सोडचें पडटलें ताका."

चोराच्या उलट्या बोंबा! पद्मावतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या कार्डाच्या नादी लागू नका म्हणून तिने तेव्हा घसा फोडून सांगितलं होतं, आणि नवऱ्यावरचा तो राग अजून निवला नव्हता. पण तो घरातला राग. चौकीच्या माणसाला त्यात वाटा द्यायला ती तयार नव्हती.

भिकाजी ग्रीसचे हात पुशीत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "मागे घेतंय," तो म्हणाला. "वकिलाक आजच फोन करतंय. परवानो गेलो तर खातलो काय?"

"तुमी गप रवा. एकदा सही केलात, ती पुरे झाली."

ती आत गेली, कोरा फॉर्म आणि पेन घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली. हवालदार पाय लांबवून मागे रेलला. बायकोच्याच हाताने नवरा परदेशी म्हणून लिहून मिळतोय, आणखी काय हवं?

"नाव सांगा," पद्मावती म्हणाली.

"तुका म्हायत नाय?" भिकाजी चकित झाला.

"फॉर्म आसा. विचारूक होया."

त्याने नाव सांगितलं. बायकोला पूर्ण नाव सांगताना बिचारा ओशाळला.

"खोली?"

"दोन नंबर." तो थांबला. "थयच जन्मलंय मी. तेव्हा ती बाळंतिणीची खोली होती."

"ह्या घरात इलात ती तारीख?"

"बारा जून, एकोणसाठ साल."

"म्हणजे भारत सरकार गोव्यात इला, तेच्याय आधी," पद्मावती हवालदाराकडे बघत म्हणाली आणि तारीख लिहिली. "खयसून इलात?"

"आवशीच्या पोटातसून."

तिने तेही जसंच्या तसं लिहिलं.

"वयनी, हें सरकारी काम, मस्करी न्हय. फकांडां नाकात," हवालदार सरळ बसला.

"फकांडां तुमी सुरू केलात."

पुढचा रकाना आला आणि तिचं पेन अडलं. इथून जाण्याची तारीख. पाहुण्यांना हा रकाना सगळ्यात सोपा जाई, खिशात तिकीटच असे. भिकाजीने वाकून वाचलं. त्याने विहिरीकडे बघितलं, घराकडे बघितलं. इतकी वर्षं त्याच्याशी भांडण्यात गेली, पण असं उपऱ्यासारखं उभं राहिलेलं त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं.

ती उठली. फॉर्म हवालदाराच्या मांडीवर ठेवला, पेन त्याच्या हातात दिलं.

"ही तारीख तुमी घाला. खाली तुमची सही करा. सोमवारी हो कागद मी कोर्टात घेऊन जातंय."

हवालदाराने पेन रकान्यावर टेकवलं. उचललं. भिकाजीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कागदाकडे.

"लिवा," पद्मावती म्हणाली. "ह्यांची बॅग खयच्या दिसा भरूची, तां माका कळाक होया."