चार पेडलांचा सप्लाय

सदर बाजारातल्या कबाड्याकडून ट्रान्सफॉर्मर आणून मी गिटारचा आवाज बदलणाऱ्या चार पेडलांसाठी घरीच पॉवर सप्लाय बनवला. चारही पेडलांचे दिवे लागले, तेव्हा लक्षात आलं की प्लग अजून माझ्या हातातच आहे.

"बाबा, हा विजेशिवाय चालून राहिला."

"चलो, खानदानात एक शास्त्रज्ञ निघाला," बाबा खुर्चीतून म्हणाले. "पण मला थकल्यासारखं काहून वाटून राहिलं रे?"

मी एक पेडल काढलं. बाबांची कललेली मान सरळ झाली. चारही काढली, तर ते चहा मागू लागले.

चहा आणला तोवर मान छातीवर कलली होती. सप्लायला काहीच जोडलेलं नव्हतं. त्याच्यावरच्या मीटरचा करंट मोजायचा काटा मात्र चढत होता.

मी सगळ्या तारा कापल्या.

काटा चढतच राहिला.